शासन निर्णयांच्या सद्यस्थितीची नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शालेय शिक्षण विभागाने १६ एप्रिल २०२५ रोजी पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा करणारा शासन निर्णय काढला, १७ जून रोजी त्यात बदल करणारा दुसरा निर्णय काढला आणि २९ जून रोजी हे दोन्ही निर्णय रद्द करीत असल्याचे मुख्यमंत्र्यांनी जाहीर केले. त्यानंतर २ सप्टेंबर रोजी हैदराबाद गॅझेटिअरच्या संदर्भातील शासन निर्णय निघाला आणि त्यातल्या एकेका शब्दावर गावोगावी खल झाला. या निर्णयांच्या गुणदोषांविषयी हे पत्र नाही. परंतु त्या महिन्यांत सामान्य माणसे 'जीआर दाखवा' असे म्हणू लागली, मूळ कागद उतरवून घेऊन वाचू लागली, ही मला फार चांगली गोष्ट वाटली. राज्यशास्त्र आणि लोकप्रशासन शिकवण्यात माझी हयात गेली आणि मंत्र्याच्या भाषणापेक्षा विभागाचा आदेश वाचावा, हा आग्रह मी वर्गात नेहमीच धरला. मात्र जे वाचक या वाटेने पुढे जातात त्यांना लवकरच एक भिंत आडवी येते, आणि ती काढणे शासनाच्या हाती असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

राज्य शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभागवार आणि तारखेनुसार मिळतात. प्रत्येकाला एक लांबलचक संगणक संकेतांक असतो, त्याच्या पहिल्या आठ अंकांत दिनांक असतो आणि शेवटी डिजिटल स्वाक्षरी असते. समाजमाध्यमांवर फिरणारा बनावट जीआर ओळखायला या संकेतांकाचा मोठा उपयोग होतो. ही सोय उभी करणाऱ्यांचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. परंतु उघडलेला निर्णय आज लागू आहे का, त्यात पुढे दुरुस्ती झाली का, त्याचे शुद्धिपत्रक निघाले का, तो एखाद्या नव्या निर्णयाने अधिक्रमित झाला का, म्हणजे त्याची जागा नव्या निर्णयाने घेतली का, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या प्रतीवर नसते आणि यादीतही नसते. रद्द झालेला निर्णय आणि काल निघालेला निर्णय वाचकासमोर सारख्याच रूपात येतात.

शासन निर्णयाची रचना पाहिली म्हणजे ही अडचण कोठून येते ते कळते. शीर्षकाखाली 'संकीर्ण', वर्ष, प्रकरण क्रमांक आणि कार्यासन (विभागातला तो विषय हाताळणारा कक्ष) अशी साखळी असते. त्यानंतर 'वाचा' या शब्दाखाली आधीच्या निर्णयांची व परिपत्रकांची यादी येते, मग प्रस्तावना, मग प्रत्यक्ष निर्णय, मग 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ, आणि अखेरीस प्रती कोणाकोणाला पाठवल्या त्याची यादी, जिच्या तळाशी बहुधा 'निवड नस्ती', म्हणजे कार्यासनाने महत्त्वाचे आदेश लावून ठेवायची फाइल, असते. राज्यपालांच्या नावाची ती ओळ राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ मधून येते. राज्याची प्रत्येक कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने व्यक्त झाली पाहिजे, असे तो अनुच्छेद सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली बच्छित्तर सिंग यांच्या प्रकरणात याच मुद्द्यावर निकाल दिला होता. बडतर्फ झालेल्या एका महसूल कर्मचाऱ्याच्या बाजूने मंत्र्यांनी नस्तीवर शेरा लिहिला होता, पण तो आदेशाच्या रूपाने निघाला नाही आणि त्या कर्मचाऱ्याला कळवला गेला नाही. न्यायालयाने सांगितले की असा शेरा म्हणजे शासनाचा आदेश नव्हे. म्हणून पत्रकार परिषदेतली घोषणा ऐकून कोणी निश्चिंत राहू नये. घोषणेनंतर लेखी आदेश निघाला का, आणि त्यात नेमका कोणता क्रमांक रद्द झाला, हे पाहावे लागते.

'वाचा' खालची यादी संशोधकाला मागे घेऊन जाते. तिच्या आधाराने एका निर्णयावरून त्याआधीच्या निर्णयावर आणि तिथून आणखी मागच्या निर्णयावर पोहोचता येते, जरी १९९० पूर्वीची बरीच कागदपत्रे शेवटी ग्रंथालयात किंवा माहिती अधिकाराच्या अर्जानेच मिळवावी लागतात. पुढे जाण्याची वाट मात्र कोठेच नाही. जुन्या निर्णयावर 'पुढे पाहा' असे काही नसते. हाती आलेल्या १९९८ सालच्या निर्णयाचे नंतर काय झाले ते शोधायचे, तर त्या विभागाचे त्यानंतरचे सर्व निर्णय शीर्षकावरून चाळावे लागतात. शीर्षकात कधी 'शासन निर्णय', कधी 'शासन परिपत्रक', कधी 'शासन पूरकपत्र', तर कधी नुसते 'बाबत' असते. एकाच शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ निरनिराळे पडते, आणि जुन्या कागदांच्या प्रती छायाचित्रासारख्या असल्यामुळे त्यांतला मजकूर शब्दशोधात येतच नाही.

याहून अवघड प्रकार एका वाक्यामुळे होतो. 'या विषयावरील यापूर्वीचे सर्व आदेश याद्वारे अधिक्रमित करण्यात येत आहेत' हे ते वाक्य. सर्व म्हणजे कोणते, हे पुष्कळदा लिहिलेले नसते. आदेश काढणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला त्या वेळी यादी करणे अशक्य नसते, कारण ती सगळी कागदपत्रे त्याच्या टेबलावर असतात. दहा वर्षांनी तीच यादी बाहेरच्या माणसाने करायची म्हटले तर ती पूर्ण झाल्याची खात्री त्याला कधीच देता येत नाही. संचमान्यता (शाळेतल्या शिक्षकपदांची मंजुरी), अनुकंपा नियुक्ती, वेतनश्रेणी, शिष्यवृत्ती, गायरान, पीक नुकसानीची मदत या विषयांत हे वाक्य माणसांच्या आयुष्यावर थेट परिणाम करते. शाळेचा लिपिक एका निर्णयाच्या आधारे प्रस्ताव पाठवतो आणि कोषागार किंवा वेतन पथक दुसऱ्या निर्णयाच्या आधारे तो परत करते. दोघेही आपापल्या परीने प्रामाणिक असतात. फक्त दोघांपुढे असलेले कागद वेगवेगळ्या तारखांचे असतात.

निवृत्तिवेतनाचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. वित्त विभागाच्या ३१ ऑक्टोबर २००५ च्या शासन निर्णयाने १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्या राज्य कर्मचाऱ्यांना जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली आणि परिभाषित अंशदान योजना आली. एका कागदाने लाखो कुटुंबांच्या म्हातारपणाचे गणित बदलले. पुढे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना स्वीकारली गेली, स्पष्टीकरणे निघाली, न्यायालयांत प्रकरणे चालली, आणि ज्यांच्या पदाची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची होती त्यांना जुनी योजना निवडण्याचा विकल्प एकदाच देण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२४ मध्ये निघाला. ज्याला केवळ पहिला निर्णय सापडतो त्याला आपल्याला असा विकल्प होता हे कळतही नाही. संघटनांनी ही माहिती सदस्यांपर्यंत पोहोचवली म्हणून बरे झाले. पण आपला हक्क कळण्यासाठी एखाद्या संघटनेचे सदस्य असावे लागणे योग्य नाही.

शासन निर्णय आणि राजपत्रातली अधिसूचना यांत फरक आहे, आणि तोही संशोधकाने ध्यानात ठेवायला हवा. विधिमंडळाच्या कायद्याखाली केलेले नियम आणि अधिसूचना राजपत्रात प्रसिद्ध होतात. अनुच्छेद १६२ खालच्या कार्यकारी अधिकारातून निघालेला शासन निर्णय कायद्यातली किंवा नियमांतली रिकामी जागा भरू शकतो, पण त्यांच्या विरुद्ध जाऊ शकत नाही. संत राम शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली हे सांगितले. त्यामुळे एखाद्या आदेशाचे बळ ठरवताना तो कोणत्या अधिकाराखाली निघाला हे आधी पाहावे लागते. कायद्याचे कलम उद्धृत केलेले असेल तर राजपत्राकडे जावे, आणि नसेल तर तो आदेश कोणत्या नियमाला बाधक आहे का ते तपासावे. जिल्हाधिकाऱ्यांचे जमावबंदीचे आदेश ही आणखी वेगळी जात आहे. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात आणि साधारणतः दोन महिन्यांपलीकडे टिकत नाहीत. करोनाच्या काळात साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा यांच्या आधारे एप्रिल ते जून २०२१ मध्ये 'ब्रेक द चेन'चे आदेश, त्यांच्या दुरुस्त्या आणि त्यांची स्पष्टीकरणे इतक्या वेगाने निघाली की दुकानदार आणि पोलीस या दोघांनाही त्या दिवशी नेमके काय चालू आहे हे सांगता येत नसे.

आदेश लोकांना कळला पाहिजे, हा काही केवळ सोयीचा प्रश्न नाही. जयपूर संस्थानाच्या मंत्रिमंडळाने १९२३ साली अफूसंबंधीचा कायदा ठरावाने मंजूर केला, पण तो कधी प्रसिद्धच केला नाही. त्याखाली हरला नावाच्या माणसाला पन्नास रुपये दंड झाला, आणि ते प्रकरण १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात आले. नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. विवियन बोस यांनी तेथे निकाल लिहिला. लोकांना कळण्याची वाजवी सोय केल्याशिवाय कायदा त्यांच्यावर लादणे नैसर्गिक न्यायाच्या विरुद्ध आहे, असा त्याचा आशय आहे. त्याला दुसरीही बाजू आहे. रिझर्व्ह बँकेची सोन्याविषयीची अधिसूचना २४ नोव्हेंबर १९६२ रोजी भारताच्या राजपत्रात आली आणि त्यानंतर काही दिवसांतच झुरिचहून मनिलाला निघालेला एक परदेशी प्रवासी चौतीस किलो सोन्यासह सांताक्रूझ विमानतळावर पकडला गेला. त्याला त्या अधिसूचनेची माहिती असणे जवळजवळ अशक्य होते, तरीही राजपत्रातली प्रसिद्धी पुरेशी आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ठरवले. याचा अर्थ नागरिकाच्या बाजूने विचार करता फार गंभीर आहे. एकदा प्रसिद्ध झाले की 'मला माहीत नव्हते' हे ऐकून घेतले जाणार नाही. मग जे प्रसिद्ध झाले त्यातले आज जिवंत काय आहे, हे सांगण्याची जबाबदारीही प्रसिद्ध करणाऱ्यावर असायला हवी.

चिकाटीने आदेश गोळा करणाऱ्या एका माणसाकडून काय घडू शकते हे पुण्याने पाहिले आहे, आणि ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांना पुरेशी माहीत नाही याचे मला वाईट वाटते. गोखले अर्थशास्त्र संस्थेतले अर्थशास्त्राचे प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारच्या राज्यपालांनी काढलेले अध्यादेश, म्हणजे विधिमंडळ भरलेले नसताना काढायचे तात्पुरते कायदे, एकेक करून जुळवले. अनुच्छेद २१३ प्रमाणे विधिमंडळ पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांनी अध्यादेश संपतो. वाधवांना आढळले की बिहारमध्ये १९६७ ते १९८१ या काळात २५६ अध्यादेश काढले गेले आणि त्यांतले अनेक संपले की पुन्हा तसेच काढून वर्षानुवर्षे जिवंत ठेवले गेले, काही तर चौदा वर्षांपर्यंत. अधिवेशन संपताच सर्व विभागांना अध्यादेश पुन्हा काढण्याची सूचना देणारे परिपत्रकही पुढे न्यायालयासमोर आले. विधानसभेला वळसा घालण्याचे हे काम इतके नित्याचे झाले होते की त्यासाठी एक साधे कार्यालयीन परिपत्रक पुरत होते. वाधवांनी हे निष्कर्ष पुस्तकरूपाने मांडले आणि १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. पुण्यातल्या प्राध्यापकाचा बिहारच्या अध्यादेशांशी संबंध काय, हा आक्षेप न्यायालयाने मानला नाही. २० डिसेंबर १९८६ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही पद्धत म्हणजे राज्यघटनेशी कपट असल्याचे सांगितले आणि बिहार सरकारने वाधवांना त्यांच्या श्रमांसाठी दहा हजार रुपये द्यावेत असा आदेश दिला. पुढे २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने कृष्णकुमार सिंह प्रकरणात हेच तत्त्व आणखी पक्के केले. ते प्रकरण बिहारमधल्या खासगी संस्कृत शाळा ताब्यात घेणाऱ्या अध्यादेशांच्या मालिकेचे होते, आणि त्या अध्यादेशांवर विसंबून राहिलेल्या शिक्षकांना सरकारी नोकरीचा कायमचा हक्क अखेरीस मिळाला नाही.

वाधवांना हे जमले कारण अध्यादेश राजपत्रात क्रमांकाने छापले जातात आणि कोणता कधी संपला हे राज्यघटनेच्या हिशोबाने काढता येते. आपल्या शासन निर्णयांविषयी असे संशोधन करायला निघालेल्या विद्यार्थ्याला मी प्रामाणिकपणे सांगू शकत नाही की तुझी यादी पूर्ण होईल.

दुसऱ्या देशाने ही अडचण कशी सोडवली हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांचे आदेश बराच काळ विखुरलेले होते, आणि त्यांना क्रमांक देण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी परराष्ट्र खात्याने लिंकनच्या १८६२ च्या एका आदेशापासून मागाहून सुरू केले. १९३३ साली पेट्रोलियम उद्योगाच्या नियमसंहितेत बदल करणारा आदेश निघाला आणि त्यात अनवधानाने एक मजकूर गळला. नेमक्या त्याच मजकुराच्या आधारे सरकारने लोकांवर कारवाई केली होती. ही चूक प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर उघड झाली, तोवर सरकारी वकिलांनाही आपण अस्तित्वात नसलेल्या तरतुदीवर बोलत आहोत हे ठाऊक नव्हते. त्या नामुष्कीनंतर जुलै १९३५ मध्ये फेडरल रजिस्टर कायदा झाला आणि १४ मार्च १९३६ रोजी त्या दैनिक राजपत्राचा पहिला अंक निघाला. माझ्या दृष्टीने त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे तेथे ठेवली जाणारी सद्यस्थितीची सारणी. प्रत्येक आदेशापुढे त्याने कोणता जुना आदेश बदलला किंवा रद्द केला आणि पुढे कोणत्या आदेशाने त्याला बदलले किंवा रद्द केले, हे लिहिलेले असते. जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत नेणारा १९ फेब्रुवारी १९४२ चा ९०६६ क्रमांकाचा आदेश औपचारिकपणे १९ फेब्रुवारी १९७६ रोजीच संपवला गेला, हे शोधायला तेथे कोणाला हजारो कागद चाळावे लागत नाहीत.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. मुंबईतच मुख्यालय असलेली रिझर्व्ह बँक एका विषयावरची विखुरलेली परिपत्रके एकत्र करून बृहत् परिपत्रक काढत आली आहे आणि त्यात कोणकोणती परिपत्रके सामावली याची यादी शेवटी जोडत आली आहे. बँकेच्या शाखेतल्या अधिकाऱ्याला जी सोय मिळते ती जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुख्याध्यापकाला का मिळू नये?

माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ ने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचिबद्ध करून त्यांची अनुक्रमणिका ठेवण्याचे आणि लोकांवर परिणाम करणाऱ्या निर्णयांविषयीची वस्तुस्थिती आपणहून प्रसिद्ध करण्याचे बंधन घातले आहे. म्हणून मी मागतो आहे ते नवे काही नाही. यापुढे निघणाऱ्या प्रत्येक शासन निर्णयात तो ज्या आदेशांना अधिक्रमित करतो, त्या प्रत्येकाचा क्रमांक व दिनांक लिहिणे सक्तीचे करावे, आणि 'यापूर्वीचे सर्व आदेश' हे वाक्य एकटे वापरण्यास मनाई करावी. नवा निर्णय संकेतस्थळावर चढवताना त्याने बदललेल्या जुन्या निर्णयांचे संकेतांक भरल्याशिवाय तो चढूच नये, आणि ते भरताच जुन्या निर्णयासमोर 'दुरुस्त', 'अधिक्रमित' किंवा 'रद्द' अशी नोंद आपोआप दिसावी. जुनी प्रत काढून टाकू नये, कारण ज्या काळात ती लागू होती त्या काळातल्या हक्कांसाठी तिची गरज पडते. शिक्षण आयुक्त, जमाबंदी आयुक्त आणि अन्य संचालनालयांची परिपत्रकेही याच ठिकाणी यावीत.

मागच्या कागदांचे काम मोठे आहे हे मला मान्य आहे. २१ जून २०१२ च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले आणि पुष्कळ नस्त्या नष्ट झाल्या, ही हानी भरून येणार नाही. अभिलेखांच्या वर्गवारीत 'अ' वर्ग कायम राहतो, 'ब' तीस वर्षे, 'क' दहा वर्षे आणि 'ड' एकच वर्ष, त्यामुळे काही कागद नियमानेही गेले असतील. पण शासन निर्णयाच्या प्रती अनेक कार्यालयांत जातात. मंत्रालयात न राहिलेला निर्णय एखाद्या जिल्हा परिषदेच्या किंवा कोषागाराच्या संग्रहात असू शकतो. प्रत्येक कार्यासनाची निवड नस्ती हे या कामाचे सर्वांत चांगले साधन आहे, कारण महत्त्वाचे आदेश तिच्यात क्रमाने लावलेले असतात आणि आज ते ज्ञान त्या खुर्चीत बसलेल्या माणसाच्या बदलीबरोबर जाते. जुन्या निर्णयांच्या सद्यस्थितीच्या सारणीचे काम वित्त, शालेय शिक्षण आणि महसूल या तीन विभागांपासून सुरू करावे, कारण सर्वाधिक लोकांचे दाखले, पगार, निवृत्तिवेतने आणि जमिनी यांच्याशीच जोडलेल्या आहेत.

आपल्या दैनिकाच्या वाचकांत आमदार आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, विधी महाविद्यालयांतले अध्यापक आहेत. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात एखाद्या सदस्याने शासनाला इतकेच विचारावे की तुमच्या कोणत्या विभागाकडे आज लागू असलेल्या आपल्या शासन निर्णयांची संपूर्ण यादी तयार आहे, आणि जे उत्तर मिळेल ते सभागृहाच्या पटलावर ठेवण्याचा आग्रह धरावा.

आपला,
राज्यशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक, सातारा